पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांनी जेवावे कोठे?

मूल शिकायला पुण्याला ठेवले, की आईबापांच्या मागे एक नवी वारी लागते. पंढरीची वारी वर्षातून दोनदा. ही महिन्या-दीड महिन्याने. पंढरीच्या वारकऱ्याला निदान एवढे तरी ठाऊक असते, की मुक्काम कोठे, फराळ काय आणि विठोबा कोणत्या वेळी भेटतो. पुण्याच्या वारकऱ्याला यातले काहीच सांगता येत नाही. त्याचा विठोबा रविवारी अकरापर्यंत अंथरुणात असतो, नाहीतर 'सबमिशन आहे' म्हणून कमरेवर हात ठेवून झेरॉक्सच्या दुकानापुढे उभा असतो. बरे, भेट झाल्यावर पहिला प्रश्न कोणता निघतो? अभ्यासाचा नव्हे, परीक्षेचाही नव्हे. "आता जेवायचं कुठं?"

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. हातात दिवस एक, त्यात एक जेवण आणि फार तर एक चहाफराळ. तेवढ्यात पोराला पोटभर घालायचे, चार सुखदुःखाच्या गोष्टी त्याच्याकडून काढून घ्यायच्या, स्वतःचा खिसाही सांभाळायचा. आणि संध्याकाळी गाडीत बसताना 'आपले मूल बरे आहे' एवढे मनाला पटले पाहिजे. जागा चुकली की यातले सगळेच हुकते.

आम्ही सोलापूरचे. थोरला मुलगा २०१६ साली पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. आता धाकटी लेक तेथे शिकते. टाळेबंदीचा काळ सोडला तर इतकी वर्षे आमची वारी चुकलेली नाही. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने निघायचे, दुपारच्या जेवणाच्या आत पुणे गाठायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे. आमच्यासारख्यांसाठीच ती गाडी सोडली असावी, असे मला नेहमी वाटते. मुंबईकरांचे उलट आहे. त्यांची लाडकी दख्खनची राणी १९३० सालापासून सकाळी पुण्याहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी पुण्याला परतते. म्हणजे मुलाने आईबापांना भेटायला जावे, अशी तिची योजना! तेव्हा मुंबईकर पालकांनी सकाळची दुसरी गाडी धरावी हे उत्तम. या वाऱ्यांतून पुण्याच्या खाण्यापिण्याविषयी जे पदरी पडले, ते वाचकांपुढे ठेवते.

सात वारांची सात घरे

परगावच्या विद्यार्थ्याने पुण्यात जेवावे कोठे, हा प्रश्न आजकालचा नाही. फर्ग्युसन कॉलेज निघाले १८८५ साली, आणि आज ज्याला आपण एस. पी. म्हणतो ते कॉलेज १९१६ साली. त्या काळी गरिबाघरची मुले विद्येसाठी पुण्यास येत आणि वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार आणि सात घरे. सातही घरे मिळाली तो मुलगा भाग्यवान. पाचच मिळाली तर उरलेले दोन दिवस चणेफुटाणे आणि पाणी. कित्येकांनी माधुकरी मागून शिक्षण केले. १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, त्याच्या आरंभीच्या मुलांनीही झोळी खांद्याला लावलेली आहे.

हे वार सगळ्यांच्या नशिबी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. स्वयंपाकघरापर्यंत पोचायला जात आडवी येई. खेड्यापाड्यांतल्या इतर मुलांसाठी वसतिगृहे निघावी लागली, तेव्हा कोठे त्यांच्या पानात अन्न पडले. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढली ती अशाच मुलांसाठी. तिची वसतिगृहे आजही चालतात.

पण वार लावण्याच्या त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची होती. बुधवारी जेवायला येणारा मुलगा त्या घरच्या बाईला दर बुधवारी दिसे. तो वाळला, खोकतो आहे, आज दोनच घास खाऊन उठला, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. वाढणाऱ्याची नजर पानावरही असे आणि माणसावरही. पुढे खाणावळी आल्या, खाणावळींच्या मेस झाल्या, मेसमधून डबे निघाले आणि आता तर मोबाईलवर बोट टेकले की दारात जेवण येते. अन्न जवळ आले. नजर मात्र दूर गेली. परगावच्या आईबापांची महिन्याची खेप म्हणजे त्या नजरेची खेप आहे. जेवायची जागा निवडताना एवढे ध्यानात ठेवले, की पुढचे सगळे सोपे होते.

पहिले जेवण मेसमध्ये

तेव्हा माझा पहिला नियम असा: दुपारचे जेवण मूल रोज जेथे जेवते तेथेच घ्यावे.

यावर मुले हटकून नाराज होतात. "अगं आई, रोज तेच खातो की! तुम्ही आल्यावर तरी चांगलं खाऊ दे." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते चांगले चार वाजता खाता येते. दुपारची वेळ मेसची. बहुतेक मेसमध्ये पाहुण्याचे ताट निराळे पैसे देऊन मिळते. सकाळीच 'दोन पाहुणे आहेत' असे कळवून ठेवले, की कोणी नाही म्हणत नाही.

मेसमध्ये गेल्यावर प्रथम भिंती वाचाव्यात. पुणेकरांची भिंत पुणेकरांपेक्षा अधिक बोलते. 'पानात टाकू नये', 'खाडे आगाऊ कळवल्यासच धरले जातील', 'रविवारी रात्री मेस बंद' अशा पाट्यांवरून आपल्या मुलाच्या आठवड्याचे वेळापत्रकच कळते. मग ताटाकडे पाहावे. पोळ्या गरम येतात की सकाळच्या? भाजीत भाजी किती आणि बटाटा किती? ताक आहे का? वरण घट्ट की त्यातून ताटाचा तळ दिसतो? शेवटी, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, वाढणारी माणसे आपल्या मुलाला नावाने हाक मारतात का? जेथे नावाने हाक मारून 'आज उशीर केलास रे' म्हणणारी काकू आहे, तेथे भाजीत थोडे तेल जास्त असले तरी चालेल. तेथे मूल दोन दिवस आले नाही तर चौकशी होते.

आम्हा सोलापूरकरांना पुण्याच्या मेसचे पहिले दुखणे निराळेच असते. ते म्हणजे आमटीतला गूळ. आमच्याकडे आमटीने कपाळावर घाम आणला पाहिजे. पुण्याची आमटी विचारपूस करून घशाखाली उतरते. दुसरी गंमत पोळीची. आमच्या घरी पोळी म्हटले की पुरणाची. रोजची ती चपाती. लेक पहिल्या दिवशी मेसमध्ये बसली आणि "पोळी वाढू का?" असे कानावर पडताच हरखून गेली. ताटात चपाती पडल्यावर तिचा चेहरा काय झाला असेल, ते सोलापूर, लातूर, बीडकडच्या वाचकांना सांगायला नको. ज्वारीची भाकरी काही मेसमध्ये मिळते, काहींत आठवड्यातून एखाद्या वेळी. आपल्या मुलाच्या मेसमध्ये ती मिळते का, एवढे विचारून यावे. भाकरीवर वाढलेले पोर नुसत्या चपातीवर महिनोन् महिने राहते, तेव्हा त्याला काय होते हे त्याचे त्यालाही उमगत नाही. 'भूक नाही' एवढेच ते म्हणते.

एका डब्याची गोष्ट

हा नियम मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे.

मुलगा तिसऱ्या वर्षाला होता तेव्हाची, २०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. ऑक्टोबरात सरकारने दीडशेवर तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मराठवाड्यातले पुष्कळ होते. मुलगा सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहत असे. कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक खाट, एक खुंटी आणि अर्धी खिडकी आपली. जोडीला लातूरकडचा एक मुलगा होता, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. दोघेही मेसचा डबा खोलीवर आणून खात.

त्या खेपेला ह्यांच्या मनात मोठ्या हॉटेलात जायचे होते. मी म्हटले, आधी डबा खाऊ. डबा आला. भाजी, आमटी, भात आणि चपात्या. आम्हाला वाढण्यापूर्वी मुलाने सवयीने भिंतीवरची दुसरी थाळी काढली, निम्म्या चपात्या आणि निम्मी भाजी तिच्यात घातली, वर ताटली झाकली आणि ती कोपऱ्यात सरकवून ठेवली. आम्ही बसलो आहोत, हेही क्षणभर तो विसरला असावा.

"हे कुणाचं?" मी विचारले.

"त्याचं," खाटेकडे बोट करून तो म्हणाला. "अभ्यासिकेत गेलाय. तीनला येतो."

"त्याचा डबा वेगळा येत नाही?"

मुलगा गप्प राहिला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. गावाकडे सोयाबीन गेले होते, विहीर आटली होती. वडिलांनी 'परत ये' म्हणून दोनदा फोन केला होता. परत गेला तर परीक्षा गेली, म्हणून त्याने सर्वांना सांगितले होते की मेस बदलली आहे. आणि खरे म्हणजे मेस बंद केली होती. दिवाळीपासून दोघे एका डब्यात जेवत होते. फोनवर मी रोज विचारी, "जेवलास का?" तो म्हणे, "जेवलो." त्यात खोटे काहीच नव्हते.

ह्यांनी पाकीट काढले. मुलगा म्हणाला, "बाबा, ते पैसे तो घेणार नाही. आणि मी सांगितलं असं कळलं, तर उद्यापासून माझ्या डब्यालाही हात लावणार नाही."

आम्ही खाली मेसच्या काकूंकडे गेलो. म्हटले, उद्यापासून या खोलीचा एक डबा वाढवा, पैसे आम्ही देतो, पण तसे सांगू नका. काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "चाराच्या सहा पोळ्या मी कधीच्या केल्यात. दोघं एका डब्यात जेवतात हे भांडं घासताना कळतं हो. एकट्या पोराचा डबा इतका स्वच्छ कधी येत नाही."

पुढे त्यांनीच युक्ती काढली. त्यांचा नातू आठवीत होता आणि गणितात कच्चा होता. त्या मुलाने संध्याकाळी तासभर येऊन नातवाला गणित शिकवावे आणि तेथेच जेवून जावे. तो राजी झाला. असे जेवण त्याला घेता येत होते. वार लावण्याची पद्धत पुण्यातून गेली, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. तिने फक्त नाव बदलले आहे. तो मुलगा आज नोकरीला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "काकू, नातू काय करतो?" कोणत्या काकूंचा नातू ते मला विचारावे लागत नाही.

त्या दिवशी आम्ही थेट हॉटेलात गेलो असतो, तर उत्तम जेवलो असतो आणि काहीही न कळता सोलापूरला परतलो असतो.

चार वाजता मुलाच्या मनासारखे

मेसचे जेवण झाले, की दुसऱ्या नियमाची वेळ येते: चार वाजता मूल नेईल तेथे जावे. येथे आपली मते घरी ठेवावीत. पुण्याच्या हॉटेलांचे वर्णन ऐकून आपण आलेलो असतो. पण मुलाला त्याच्या मित्रांची जागा आपल्याला दाखवायची असते. त्या टेबलाशी त्याची जी ओळख आहे, ती आपल्याशी करून द्यायची असते.

डेक्कनवर शिकणारी मुले बहुधा फर्ग्युसन रस्त्याला नेतात. तेथे वैशाली आणि रूपाली या दोन बहिणींनी किती पिढ्या पोसल्या, त्याची मोजदाद नाही. जगन्नाथ शेट्टी यांनी ती नावारूपाला आणली. २०२३ साली ते वारले, तेव्हा हळहळणाऱ्यांत आजोबा होते तसे नातूही होते. वैशालीत जावे आणि शेव, बटाटा, दही, पुरीचा तो प्रकार मागवावा. मुले त्याला चार आद्याक्षरांनीच ओळखतात, 'एसपीडीपी' म्हणतात. पालकांनी दचकू नये. मात्र रविवारी सकाळी तेथे जाण्याचे साहस करू नये. दारातली रांग पाहूनच भूक मरते.

रस्त्याच्या टोकाला कॅफे गुडलक आहे, १९३५ सालचे. इराण्याचे हॉटेल, त्याच्या नावाने चौक ओळखला जातो, यावरून त्याचा मान कळावा. बनमस्का आणि चहा, नाहीतर खिमा-पाव. जवळच नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. तिच्याबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात आणि रस्सा गोडसर असतो. सोलापूर-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी तुलना करू नये. ती तिखट मिसळीची धाकटी बहीण नसून वेगळ्या घराण्याची मुलगी आहे. बटाटेवडा खायचा तर केसरीवाड्याजवळच्या प्रभा विश्रांतिगृहाचा. उन्हाळ्यात गेलात तर सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी प्यावी. नाव बाजीरावाच्या मस्तानीचे, अंगाने घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा.

मूल लष्कर भागाकडे शिकत असेल, तर रंग पालटतो. १८७८ सालचे दोराबजी, तेथले पारशी जेवण आणि बिर्याणी. महात्मा गांधी रस्त्यावर मार्झोरिनची सँडविचे. आणि ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालची कयानी बेकरी. कयानीची श्रूजबेरी बिस्किटे घरी नेल्याशिवाय पुण्याहून आलो, असे शेजारी मानत नाहीत. पण दुपारी ती बेकरी बंद असते, हे पाहून जावे. दुपारी बंद राहण्याचा हा पुणेरी धर्म आता क्षीण होत चालला आहे. चितळ्यांनी तर २०१७ साली आपली सुप्रसिद्ध एक ते चारची वामकुक्षी सोडली आणि पुण्यात एक युग संपले.

ज्यांना बसून, पान मांडून जेवायचे असेल, त्यांच्यासाठी टिळक रस्त्यावर बादशाही आणि दूर्वांकुर, आपटे रस्त्यावर श्रेयस. लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते काढले. आजी-आजोबा बरोबर असले तर अशा ठिकाणी न्यावे. अळूची भाजी, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ पाहून त्यांचा पुण्यावरचा राग निवळतो. तरण्या मुलांना बिर्याणी हवी असते, आणि तीही कोठे, तर सदाशिव पेठेत! एसपीज बिर्याणीपुढे उभी असलेली गर्दी पाहिली, म्हणजे पेठेच्या जुन्या रहिवाशांचे आत्मे काय म्हणत असतील, असा विचार मनात येतो. पण बहुधा तेही रांगेतच असतील.

थाळीच्या हॉटेलांविषयी एक सावधगिरीची सूचना. तेथे पोट भरते, बोलणे होत नाही. 'आमरस घ्या', 'गरम पोळी घ्या', 'भात आणू का' या तीन वाक्यांच्या फटीत मुलाला 'तुझं कसं चाललंय?' असे विचारता येत नाही. शिवाय पाठीमागे आपल्या खुर्चीवर डोळा ठेवून दुसरे कुटुंब उभे असते. ज्या दिवशी मुलाशी काही नाजूक बोलायचे असेल, विषय राहिला असेल, कॉलेज बदलायचे असेल, घरात काही कमीजास्त घडलेले असेल, त्या दिवशी थाळी टाळावी. त्यासाठी अमृततुल्य बरे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात मांडलेली ही चहाची दुकाने. पितळी पातेले, आले-वेलदोड्याचा वास आणि लाकडी बाक. चहा संपायला पाच मिनिटे लागतात, पण दुसरा मागवता येतो. नाहीतर फर्ग्युसनमागच्या हनुमान टेकडीवर जावे. आमच्या लेकीने 'मला ही शाखा झेपत नाही' हे सांगितले ते तेथेच, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता. तोंडात कडक भाकरी असली म्हणजे समोरच्याला लगेच उत्तर देता येत नाही, हा तिचा फार मोठा गुण आहे. ह्यांनी दोन मिनिटे भाकरी चावली आणि मग शांतपणे विचारले, "मग काय झेपेल?" तोंड रिकामे असते तर हा प्रश्न निराळ्या शब्दांत आला असता.

पुणे मोठे झाले आहे

जुन्या पालकांच्या डोक्यात पुणे म्हणजे डेक्कन, पेठा आणि लष्कर. आता कॉलेजे नऱ्हे-आंबेगावला आहेत, लोणी काळभोरला आहेत, हिंजवडीच्या पलीकडेही आहेत. नऱ्ह्याच्या मुलाला वैशालीचा डोसा खायला आणणे म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात घालवणे. अशा मुलाच्या कॉलेजसमोरच्या टपरीवरचे पोहेच उत्तम मानावेत. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाकडे गेलात तर गणेशखिंडीच्या त्या मोठ्या झाडांखाली हिंडावे आणि तेथल्या रिफेक्टरीत किंवा कॅन्टीनमध्ये त्याच्या बरोबर रांगेत उभे राहावे. एक सोय मात्र झाली आहे. २०२३ सालापासून पुणे स्टेशनवरून मेट्रोने थेट डेक्कनला उतरता येते. रिक्षावाल्याशी होणारा वाद वाचतो, आणि त्या वाचलेल्या शक्तीत मुलाचे ऐकून घेता येते.

रविवारची रात्र

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

नोकरीवाले आईबाप मुलाला भेटायला येतात रविवारी. रविवारी दुपारी मेसमध्ये गोडाधोडाचे जेवण असते. मग संध्याकाळी आईबाप गाडीत बसतात. आणि त्याच रात्री पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात. म्हणजे सगळ्यांना आनंदाने निरोप देऊन मूल खोलीवर परतते ते रिकाम्या खोलीत, आणि नेमके त्या रात्री त्याला जेवण नसते. घर सोडून राहणाऱ्या मुलाची सगळ्यात अवघड घटका कोणती, असे कोणी विचारले तर मी सांगेन, आईबाप भेटून गेल्यानंतरची रविवारची रात्र. भूक आणि आठवण एकदमच येतात.

म्हणून तिसरा नियम: काहीही करा, पण रविवार रात्रीचे जेवण मागे ठेवून या. बरोबर आणलेला डबा दुपारी उघडू नका. आमच्याकडून दशम्या, धपाटी, शेंगाचटणी आणि दह्यासाठी थोडे पैसे एवढे जाते. कोकणातल्या आया घावन देतील, खानदेशातल्या कळण्याच्या पुऱ्या देतील. टिकणारे दोन जिन्नस आठवड्यासाठी आणि एक जिन्नस त्याच रात्रीसाठी. फराळाचे डबे पुष्कळ आया देतात. दिवाळीनंतर वसतिगृहात चकल्यांचा सुकाळ असतो. पण फराळ वाटला जातो, जेवण जेवले जाते.

आणि डबा भरताना एका माणसाचे भरू नये. खोलीत किती खाटा आहेत तेवढ्या माणसांचे भरावे. प्रत्येक खोलीत एखादे मूल असे असते, की ज्याच्याकडे कोणी येत नाही. गाव लांब असते, गाडीभाड्याला पैसे नसतात, किंवा येणारे माणूसच राहिलेले नसते. आपण येतो त्या दिवशी ते मूल हळूच अभ्यासिकेत निघून जाते. त्याला मेसच्या पाहुण्यांत धरावे, चार वाजता बरोबर न्यावे, आणि आपल्या मुलाला विचारतो तोच प्रश्न त्यालाही विचारावा. आमच्या लेकीच्या खोलीत तीन खाटा आहेत, म्हणून आम्ही पुण्याला जातो तेव्हा पाच जणांचे जेवण धरतो. खर्च थोडा वाढतो. त्यासाठी मोठ्या हॉटेलाचा एक फेरा कमी करावा. हिशेब बरोबर बसतो.

येत्या दिवाळीत सगळी मुले घरी येतील. चार दिवस चकल्या-करंज्या खाऊन, धुतलेल्या कपड्यांची पिशवी भरून परत जातील. त्यानंतर आपली पहिली खेप निघेल. निघण्यापूर्वी मुलाला फोन करून 'तुला काय आणू?' असे आपण विचारूच. त्या जोडीला एवढे विचारावे, "तुझ्या खोलीत सध्या कितीजण आहेत रे?" आणि जो आकडा येईल, तेवढी पाने धरून पीठ मळायला घ्यावे.